तापाच्या मुंबईला जाऊन आले

मी बोलत्ये, माझी थोरली सून लिहून घेत्ये. मला दुसरीपुढं शाळा नाही. अक्षर लावून वाचता येतं, लिहायला बसले तर एका ओळीला दुपार जाते. वाडीतल्या बायका रोज येऊन विचारतात, काकी, मुंबई कशी, काकी, दत्तू कसा. रोज रोज सांगून घसा बसला. म्हणून एकदाच सांगत्ये.

देवगड बंदर

वैशाख संपता संपता नानाचं कार्ड आलं. नाना म्हणजे आमच्याच वाडीचा. लालबागला गावकऱ्यांचा गाळा आहे, त्याचा कारभार तो बघतो. माझा मुलगा दत्तू तिथेच राहून गिरणीत जातो. कार्डावर लिहिलं होतं, दत्तारामास थोडा ताप आहे, काळजी नसावी. नाना साध्या तापाला कार्ड घालणारा माणूस नव्हे. त्यात 'काळजी नसावी' वाचलं आणि मी बोचकं बांधायला घेतलं.

मिरगाआधी बोटी बंद होतात. दोन फेऱ्या उरल्या होत्या. आमचे हे म्हणाले, "गेलीस तर नारळी पुनवेशिवाय परत येवचा नाय." मी म्हटलं, "नाय तर नाय." मानमोडीची साथ आली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. माझे दोन्ही भाऊ एका आठवड्यात गेले. तेव्हाही पहिल्या दिवशी सगळे थोडा तापच म्हणत होते.

बरोबर उकडे तांदूळ घेतले, कुळथाचं पीठ घेतलं, आणि सोलांच्या आगळाची बाटली. बंदरावर मुंबईहून बोट लागली ती माणसांनी गच्च. पडावातून उतरणारा एकेक माणूस खोकत होता, कुणाला दोघं धरून आणत होते. मुंबईला जाणारी बोट मात्र निम्मी रिकामी. तिकीटवाला म्हणाला, "आजी, लोक थयसून पळतत आणि तुम्ही थय चाललात?" मी म्हटलं, "माझा थय असा." त्याने मला सावलीची जागा दिली. देव त्याचं भलं करो.

भाऊचा धक्का

रात्रभर बोट हलली आणि आगळाची बाटली फुटली. सकाळी धक्क्यावर उतरले तर लुगडं कमरेपासून खाली लालभडक. म्युनिसिपालटीचा एक माणूस तोंडाला फडकं बांधून उभा होता. त्याने मला बाजूला घेतलं. "आजी, हे रक्त कसलं? कुठून पडतंय?"

"रक्त नाय रे, आगळ."

"कुठली आग?"

"सोलांचं आगळ! कोकमाचा रस, त्याची कडी करतात. चाटून बघ हवं तर."

तो दोन पावलं मागे सरला. मागून एक हमाल खो खो हसला आणि म्हणाला, "साहेब, कोकणातली आजी आहे, सोडा. तिला तापच घाबरेल." साहेबही हसले. मी तशीच लाल लुगड्यानं लालबागला गेले. ज्या माणसानं पत्ता वाचून मला पार चाळीच्या दारात नेऊन सोडलं, त्याचं नावही मला ठाऊक नाही.

लालबाग, गाळा

गाळा म्हणजे काय ते तुम्हाला घरबसल्या कळायचं नाही. आपली पडवी असते ना, तेवढी एक खोली. तिच्यात आपल्या तीन गावचे तीस बाप्ये. तीस एका वेळी मावत नाहीत, पण गिरणी तीन पाळ्यांत चालते. दहा कामावर, दहा भटकायला, दहा निजलेले. एक पाळीवरून आला की दुसरा उठतो, आणि त्याच वाकळेवर हा पडतो. वाकळ गारच होत नाही. मी गेले त्या दिवशी आठ जण तापाने आडवे होते, आणि कामावरून आलेले त्यांच्या मधल्या फटीत निजत होते.

बाईमाणूस गाळ्यात राहत नाही. मला बघून सगळे धडपडत उठून बसले. नाना म्हणाला, "काकी, कित्याक इलंस? मी लिवलंय ना, काळजी नसावी."

"तू तसा लिवलंस म्हणानच इलंय."

दत्तू बाहेर गॅलरीत होता. "आये, तू?" म्हणाला, आणि त्याला जी खोकल्याची उबळ आली ती थांबेना. चोवीस वर्षांचं पोर, पाठीच्या मणक्यांची माळ मोजून घ्यावी असं झालेलं. त्याच्याशेजारी नानाने आपलं धोतर आडवं टांगलं आणि माझी जागा केली. तीन महिने मी त्या धोतरामागे काढले. एका बाप्यानं कधी वाकडं पाऊल टाकलं नाही. येता जाता खाकरून जायचे, बिचारे आधीच खोकत होते.

आपल्याकडे देवी निघाल्या की आपण माणूस मांगरात, शेतातल्या खोपीत, नेऊन ठेवतो, दाराला निंब बांधतो. मी नानाला म्हटलं, आजाऱ्यांना वेगळं का ठेवत नाय? नाना म्हणाला, "खय ठेवू, काकी? शिंक्यार?"

मी विचारलं, ताप आला कुठून. नाना म्हणाला, मागल्या चाळीतून. मागे, गेल्या दसऱ्यानंतर बौद्ध झालेल्या लोकांची चाळ होती. "थय नळ एक आणि माणसां चिक्कार. थयसूनच इलो." गाळ्यातले सगळे हेच म्हणत. गिरणीत कापड विणायच्या साचेखात्यात पाण्याचा माठ होता तोसुद्धा यांनी उचलून दुसऱ्या टोकाला नेला होता, झाडायला येणाऱ्या त्या लोकांचा वारा नको म्हणून. मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, मला ते पटलं.

पण पहिल्याच संध्याकाळी त्या चाळीतलीच एक बाई खालून ओरडली. "ओ काकी! वरच्या काकी! त्येला आडवा ठिवू नका. पाठीला बोचकं लावून बसता करा, दम कोंडतोय त्याचा. हितवर ऐकू येतंय."

मी बोचकं लावलं. दत्तूला श्वास आला. तासभर झोपला.

ती चंद्राबाई. साताऱ्याकडची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गिरणीत झाडूकामाला होती, नवरा गणपत रिंगखात्यात, सूत कातण्यावर. दुसऱ्या दिवशी नळावर गाठ पडली. आमचं पाणी संपलं की मग त्यांच्या बायका पुढे यायच्या, असा तिथला शिरस्ता. कायदा झालाय म्हणतात, पण नळाला कोण सांगणार. मी तिला म्हटलं, "बाय, काल बरं सांगितलंस. पण लोक म्हणतात ताप तुमच्या चाळीतून आलाय. खरं काय गो?"

तिने कळशी खाली ठेवली. मला वाटलं आता भांडते. ती हसली.

"काकी, तुमचा ल्योक साच्यावर हाय न्हवं? धोटा कसा भरत्यात, इचारा त्याला एकदा."

मी दत्तूला विचारलं. त्याने दम घेत घेत सांगितलं. साच्यावर कापड विणतो तो धोटा. त्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते हाताने निघत नाही. धोट्याला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा, की दोरा ओठात येतो. दिवसभर तेच. पाळी सुटली की पुढच्या पाळीचा माणूस त्याच साच्यावर येतो आणि तोच धोटा तोंडाला लावतो. खोकला असो, ताप असो. दत्तूच्या आधीच्या पाळीचा जोडीदार तापानेच पडला होता.

"आणि त्या चाळीतली माणसां साच्यार नसतत?"

"नाय गो. त्यांका साच्यार घेणत नाय. धोटो उष्टो होतलो म्हणान."

दुसऱ्या दिवशी नळावर चंद्राबाई म्हणाली, "कळलं? आमचं तोंड त्या धोट्याला कवा लागू दिलंय का तुमी? न्हाई ना? मग आजार आमी दिला कसा? उडवून?" शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. वर जाऊन नानाला सांगितलं. नाना ऐकून घेऊन म्हणाला, "ता खरा असात, काकी. पण ह्या गाळ्यात बोलू नको." आणि माठ होता तिथेच राहिला.

ताप त्यांच्याकडेही होता, भरपूर होता. नळ एक, पाणी थोडा वेळ, खोल्या आमच्यापेक्षा लहान. औषध फवारणारे म्युनिसिपालटीचे लोक रस्त्यावरच्या चाळी करून जात आणि मागे येईपर्यंत त्यांचं औषध संपे. हे मी डोळ्यांनी बघितलं.

गिरगाव

चौथ्या दिवशी दत्तूची नखं निळी दिसायला लागली. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, न्युमोनिया आहे, इस्पितळात न्या. इस्पितळाच्या दारात नाना जाऊन आला. तिथे सांगितलं, जागा नाही, कुणा मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तर बघू.

मोठं माणूस मला एकच माहीत. आपल्या गावचे वकील, त्यांची आंब्याची कलमं आमचे हे राखतात. ते गिरगावात राहतात. मी ट्राममध्ये बसले. अर्ध्या वाटेत ट्राम थांबली, पुढे मोर्चा. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, म्हणून लोक गर्जत होते. कंडक्टर म्हणाला, "आजी, गिरगावला जायचं ना? मोर्चा तिकडंच चाललाय, धरा वाट." मी मोर्चात शिरले. कुणी तरी माझ्या हातात झेंडा दिला. माझ्या पुढचा माणूस घोषणा द्यायचा, खोकायचा, परत घोषणा द्यायचा. मला महाराष्ट्र हवाच होता, पण त्या दिवशी मला चिठ्ठी हवी होती. वकिलांच्या दारात मी झेंडा घेऊनच उभी राहिले. वकिलीणबाई, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, दार उघडून बघतच राहिल्या. "अगंबाई, तुम्हीसुद्धा?"

त्यांच्याकडेही ताप होता. त्यांच्या मुलालाही तोच, दत्तूच्याच वयाचा. पण त्याला आतली खोली दिली होती, एकट्याला. दाराला पडदा, उशाला मोसंब्या, हात धुवायला बाहेर वेगळं तस्त. डॉक्टर सकाळ संध्याकाळ घरी येत होते. पाचव्या दिवशी ताप उतरून पोर पुस्तक वाचत बसलं होतं. मला बरं वाटलं. पोर कुणाचंही असो, उठून बसलेलं बघितलं की बरं वाटतं. आणि आमच्या गॅलरीतलं पोरही नजरेसमोरून जाईना.

वहिनींनी मला बाहेर सज्जात बसवलं आणि कान तुटलेल्या कपात चहा दिला. तो कप आमच्यासारख्यांसाठी फळीवर वेगळा असतो, मला माहीत होतं. त्या दिवशी तो जातीसाठी दिला की साथीसाठी, मला कळलं नाही. त्यांनाही ठरवता आलं नसेल. पण डॉक्टर येईपर्यंत त्यांनी मला जाऊ दिलं नाही. डॉक्टरांना स्वतः म्हणाल्या, "आमच्या गावची आहेत. लिहा." डॉक्टरांनी लिहिलं. त्या चिठ्ठीनं माझं लेकरू वाचलं. तो कप मी मनात ठेवला नाही. ठेवून करणार काय.

हातगाडी

चिठ्ठी घेऊन आले तर गाळ्यात धडधाकट असं कुणीच नव्हतं. उभे होते ते पाळीवर गेलेले. नाना स्वतः तापाने फणफणलेला. टॅक्सीवाला दत्तूला बघून निघून गेला. मी जिन्यात उभी राहून हाक मारली, कुणाला ते मलाही ठाऊक नाही.

गणपत पाळीवरून येत होता. त्याने खालून विचारलं, काय झालं. मग कुठून तरी हातगाडी घेऊन आला, चंद्राबाईनं वर वाकळ टाकली. गणपत जिना चढून आला आणि दत्तूपाशी थांबला. हात मागे.

"काकी, हात लावू का?"

नाना आतून काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, "लाव रे बाबा. आधी लाव, मग विचार."

त्यानं दत्तूला लहान मुलासारखं उचललं. दत्तूचं डोकं त्याच्या खांद्यावर, आणि वाटभर दत्तू त्याच्या तोंडावर खोकत होता. उन्हातून ती गाडी दोघांनी ओढली, मी मागून लोटली. इस्पितळात चिठ्ठी बघितल्यावर खाट मिळाली, सुया सुरू झाल्या. तिथल्या नर्सबाई केरळकडच्या. त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना येईना. रोज माझ्या पाठीवर हात ठेवून जायच्या. अकराव्या दिवशी दत्तूने पेज मागितली. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि आल्यापासून पहिल्यांदा रडले.

मागची चाळ

दत्तूला घेऊन गाळ्यावर आले. दोन दिवस नळावर चंद्राबाई दिसली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या चाळीत गेले, पहिल्यांदाच. गणपत भिंतीला टेकलेला, तशाच निळ्या नखांनी. ताप आल्यावरही तो चार दिवस कामावर गेला होता. बदली कामगार तो, रोज गिरणीच्या दारात उभं राहिलं नाही तर नाव कापतात.

आजार त्यांच्याकडून आला म्हणत होते. या घरात तरी तो आमच्याकडूनच गेला होता. माझ्या दत्तूच्या तोंडातून. सगळ्यात जास्त कुणाला कळत होतं तर मला.

"गो, मला सांगितलं का नाहीस?"

चंद्राबाई चुलीकडं बघत म्हणाली, "सांगून काय व्हनार, काकी? चिठ्ठी लागती. तुमचं गिरगाव हाय. आमचं कुठलं गिरगाव?"

मी परत गिरगावला गेले. वहिनी म्हणाल्या, "अहो, आता कोण?"

"भाऊ माझा."

"तुम्हाला भाऊ कुठून? दोघंही मानमोडीत गेले ना? सासूबाई सांगायच्या."

"गेले. हा मुंबईत भेटला."

वहिनींनी मला सज्जात बसवलं. मग आत गेल्या. डॉक्टर आले. नाव विचारलं, मी गणपत सांगितलं. आडनाव विचारलं. तेही सांगितलं, खरं तेच सांगितलं. डॉक्टरांनी मान वर केली, वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "लिहा ना. आमच्याच ओळखीचे आहेत." आणि आत निघून गेल्या. त्या बाईचे माझ्यावर दोन उपकार. दुसरा मोठा.

गणपतला खाट मिळाली नाही. दोन खाटांच्या मधे खाली गादी मिळाली. पण सुई मिळाली. चंद्राबाईला कामावर जावंच लागे, तर दिवसा मी त्याच्यापाशी बसायची. मी पेज भरवायला गेले की तो तोंड फिरवायचा. मला वाटलं चव नाही. मग एकदा म्हणाला, "काकी, तुमी भरवू नगा. सवय न्हाई." मी म्हटलं, "मला पण सवय नाय. दोघं मिळून लावून घेऊ. तोंड उघड." उघडलं. बावीस दिवस तो तिथे होता. वाचला. दम मात्र कमी झाला तो झालाच. जिना चढताना मधे दोनदा बसतो.

आता एक सांगायचं राहिलं. सूनबाई, लिही, गाळू नको. इतकं सगळं झालं, हातगाडी झाली, इस्पितळ झालं, पण तोवर मी चंद्राबाईच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. तहान लागली की मी गाळ्यावर जायची. आणि तिने एकदाही मला पाणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे वैऱ्यालाही पाणी विचारतात. तिला रीत माहीत नव्हती असं नाही. मला नाही म्हणावं लागू नये म्हणून ती विचारत नव्हती. हे मला फार उशिरा कळलं.

गणपतला घरी आणलं त्या दुपारी त्याला भिंतीला टेकवून बसवलं. चालून चालून माझा घसा सुकला होता. मी खाली बसले आणि म्हटलं, "चंद्राबाय, पाणी दे गो."

ती वळली. माझ्याकडं बघितलं, मग हंड्याकडं. हंडा आडवा करून दाखवला.

"आज बरी तहान लागली, काकी! थेंब न्हाई घरात. नळ चारला येतो."

गणपत भिंतीशी हसला, हसता हसता खोकला. ती म्हणाली, "जावा गाळ्यावर, पिऊन या."

"नको. चारलाच पिईन."

"दोन तास हायती."

"असू देत."

तिने पदराने जमीन पुसली, पाट माझ्याकडं सरकवला आणि कळश्या घेऊन रांग धरायला गेली. मी पाटावर बसून राहिले. गणपतचा डोळा लागला. श्वास जरा वाजत होता, पण एकामागून एक, नीट येत होता. मी तो ऐकत बसले.